सफारीला कधी जायचं? आधी पूर्व आफ्रिकेचा पाऊस समजून घ्या

2024 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात तालेक नदीला पूर आला. नदीकाठचे डझनाहून जास्त कॅम्प पाण्यात गेले आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. बातमी वाचून आपल्याकडे बऱ्याच जणांनी भुवया उंचावल्या. आफ्रिकेत पूर, आणि तोही मे महिन्यात? आपल्या डोळ्यांसमोरची आफ्रिका म्हणजे पिवळं गवत, धूळ आणि भाजून काढणारं ऊन. त्यात मे म्हटला की घामाच्या धारा. पण मारात एप्रिल-मे हा भर पावसाळा असतो, आणि आपल्या शाळांची मोठी सुट्टी बरोबर त्याच काळात येते.

त्यामुळे मराठी घरांत सफारीचा विषय निघाला की गाडी दोन ठिकाणी अडते. काही जण सुट्टी आहे म्हणून मेमध्ये जातात आणि उंच गवत, चिखल बघून हिरमुसून परततात. काही जण ‘जुलै-ऑगस्टशिवाय अर्थ नाही’ हे कुणाकडून तरी ऐकतात, मुलांच्या शाळेशी ते जमत नाही म्हणून बेतच रद्द करतात. खरं तर वर्षाच्या जवळपास प्रत्येक महिन्यात पूर्व आफ्रिकेत कुठे ना कुठे चांगली सफारी होते. जागा मात्र महिन्याप्रमाणे बदलावी लागते. कुठली जागा कधी, हे कळायला तिथला पाऊस कळायला हवा.

(पूर्व आफ्रिका म्हणजे इथे मुख्यतः केनिया आणि टांझानिया. युगांडा आणि रवांडा येतील ते गोरिलांपुरते.)

## विषुववृत्तावर कसले आलेत ऋतू?

शाळेतल्या भूगोलात आपण शिकलो की विषुववृत्तावर बारा महिने सारखंच हवामान. तापमानापुरतं ते बरंचसं खरं आहे. नैरोबीत जानेवारी आणि जुलै यांत काही अंशांचाच फरक पडतो. शिवाय नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळजवळ 1,800 मीटर उंच असल्यामुळे तिथे मुंबईसारखा उकाडा कधीच नसतो. पण ऋतू ठरवतो तो पाऊस.

पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या आसपास ढगांचा एक पट्टा असतो. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे वारे तिथे एकमेकांना भिडतात, हवा वर चढते आणि पाऊस पडतो. सूर्य उत्तरेला सरकला की थोड्या दिवसांनी हा पट्टाही उत्तरेला सरकतो, सूर्य दक्षिणेला गेला की तोही मागोमाग जातो. या येण्याजाण्यात तो केनिया-टांझानियावरून वर्षातून दोनदा जातो, म्हणून तिथे पावसाळे दोन. मार्च ते मे हा मोठा पावसाळा, त्याला स्वाहिलीत मसिका म्हणतात. ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंतचा छोटा पावसाळा म्हणजे वुली. मसिका जोरदार असतो. वुली लहरी असतो: एखाद्या वर्षी नुसता शिडकावा, एखाद्या वर्षी धुमाकूळ.

या दोघांच्या मधे दोन कोरडे काळ. जून ते ऑक्टोबर हा लांबलचक, आणि जानेवारी-फेब्रुवारी हा आखूड.

आता यात आपलंही नातं आहे. जून ते सप्टेंबरात केनियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून एक जोरदार वारा सोमालियाच्या कडेने अरबी समुद्रावर येतो. वाटेत बाष्प गोळा करतो आणि कोकणात, घाटमाथ्यावर ते रितं करतो. म्हणजे आपला नैऋत्य मान्सून. पूर्व आफ्रिकेवरून जाताना हा वारा बराचसा किनाऱ्याला समांतर धावतो आणि पावसाचा पट्टा तोवर उत्तरेला गेलेला असतो, म्हणून महाबळेश्वर धुक्यात बुडालेलं असताना मारातलं गवत वाळत असतं. आपल्याकडे चातक पावसाच्या तोंडावर येतो, तो याच वाऱ्याच्या साथीने आफ्रिकेतून येतो असं पक्षी अभ्यासक मानतात. पूर्वी गलबतंही याच वाऱ्यांच्या भरवशावर मोंबासा-झांझिबारहून आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागत आणि हिवाळ्यात वारा उलटला की परत जात.

थोडक्यात, लांब कोरड्या काळापुरतं आपलं आणि त्यांचं कॅलेंडर उलटं आहे. जुलैत रेनकोट घालून नैरोबीला उतरणारे आपले लोक मग बॅगेत स्वेटर नाही म्हणून कुडकुडतात.

## कळप तारीख बघून निघत नाहीत

सगळ्यांना जे बघायचं असतं ते ‘ग्रेट मायग्रेशन’ हे या पावसाशीच बांधलेलं आहे. विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी, शिंगांची रानटी जनावरं), दीड-दोन लाख झेब्रे आणि हरणं टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मारा यांच्यामध्ये वर्षभर गोल फिरत राहतात. विल्डबीस्टचा नेहमी सांगितला जाणारा आकडा तेरा लाखांच्या आसपास आहे, पण 2025 मध्ये प्रसिद्ध झालेली उपग्रह छायाचित्रांवरची मोजणी सहा लाखांच्याही आत थांबली. त्यामुळे आकड्यावर सध्या वाद आहे. बघणाऱ्याला मात्र क्षितिजापर्यंत ठिपकेच ठिपके दिसतात, आणि त्यात फरक पडत नाही.

या फिरण्याकडे आपण आपल्या मेंढपाळ धनगरांसारखं बघावं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला त्यांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारे तांडे, कोकणाच्या वाटेला लागतात, पावसाआधी घाटावर परततात. पण अमुक तारखेला अमुक गावात असं कुणी लिहून ठेवत नाही. चारा कुठे आहे, पाणी कुठे आहे, यावर मुक्काम ठरतो. विल्डबीस्टचंही तसंच. ‘मायग्रेशन 15 जुलैला सुरू होतं’ असं छापणाऱ्या ट्रॅव्हल कंपनीच्या माहितीपत्रकावर म्हणून विश्वास ठेवू नका. ते संपतही नाही आणि सुरूही होत नाही.

पण एवढं चालायचंच कशाला? सेरेंगेटीच्या आग्नेय भागात सपाट, झाडं नसलेली माळरानं आहेत. शेजारच्या ज्वालामुखींची राख शतकानुशतकं तिथे साचली आहे. त्या राखेमुळे तिथल्या बुटक्या गवतात कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर असतं, आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच हवं असतं. अडचण अशी, की न्गोरोंगोरोच्या डोंगरांमागे पडल्यामुळे या माळांवर पाऊस कमी, आणि बारमाही पाणी जवळपास नाहीच. मसिका संपला की महिन्याभरात माळ करपतो. उत्तरेला, मारा नदीकडे जावं तसा पाऊस वाढत जातो, दुपटीपर्यंत. तिथे व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूने येणाऱ्या गडगडाटी सरी कोरड्या महिन्यांतही अधूनमधून पडतात, आणि मारा नदी कधी आटत नाही. म्हणून दक्षिण कोरडी पडली की उत्तरेला, आणि दक्षिणेला पाऊस पडला की परत चांगल्या गवतासाठी खाली. सगळं चक्र एवढ्यावर फिरतं.

## मग कोणत्या महिन्यात कुठे?

डिसेंबर अखेर ते मार्च: कळप दक्षिण सेरेंगेटीत, न्दुतूच्या आसपास. फेब्रुवारी हा पिल्लांचा महिना. बहुसंख्य माद्या दोन-तीन आठवड्यांतच वितात, त्यामुळे एका वेळी इतकी पिल्लं असतात की सिंह-तरसांनी कितीही खाल्ली तरी बहुतेक वाचतात. पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांत उभं राहतं. आधी ओलं, पिवळट-तपकिरी गाठोडं गवतात पडलेलं दिसतं, मग पाय चार दिशांना फाकतात, ते तोंडावर आपटतं, परत उठतं. तेवढ्यात आई चालायला लागलेली असते आणि ते लटपटत तिच्या मागे निघतं. गवत घोट्याएवढं बुटकं असल्यामुळे चित्ता लांबूनही दिसतो. मला विचाराल तर संपूर्ण चक्रातला हा सर्वांत चांगला काळ आहे, आणि आपल्याकडे त्याची सर्वांत कमी चर्चा होते.

एप्रिल-मे: कळप मध्य सेरेंगेटीतून वायव्येकडे सरकतात. पाऊस जोरात, काही कॅम्प बंद.

जून: पश्चिम सेरेंगेटीत, ग्रुमेती नदीच्या बाजूला.

जुलै ते ऑक्टोबर: उत्तर सेरेंगेटी आणि मारा. हा सगळ्यांना माहीत असलेला भाग, नदी ओलांडण्याचा.

नोव्हेंबर: वुलीच्या पहिल्या सरी पडल्या की दक्षिणेकडे परतीची वाट.

यात दोन-तीन आठवड्यांची पुढेमागे सहज होते, कधी त्याहून जास्तही.

## नदी ओलांडताना दिसलंच पाहिजे, नाहीतर काय उपयोग?

हा हट्ट टीव्हीमुळे आला. पडद्यावर पाच मिनिटांत जे दिसतं त्यासाठी कॅमेरावाले आठवडेच्या आठवडे नदीकाठी बसलेले असतात. तुमच्याकडे तीन दिवस असतात.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. गाडी काठापासून लांब, झुडपाआड उभी करतात. पलीकडच्या उतारावर कळप गोळा व्हायला लागतो. पुढची जनावरं पाण्यापर्यंत येतात, वास घेतात, मागून रेटा वाढतो, धूळ उठते. आता उडी मारणार म्हणून सगळे श्वास रोखतात, आणि एक झेब्रा दचकून मागे वळतो. सगळा कळप त्याच्यामागे परत वर. तासाभराने पुन्हा तेच. रेडिओवर गाइड लोकांची स्वाहिलीत खरखर चालू असते, कोण कुठल्या घाटावर थांबलंय याची. कधी संध्याकाळ होते आणि काहीच होत नाही. कधी जेवणाचा डबा उघडलेला असताना पहिलं जनावर उडी घेतं आणि मग वीस मिनिटं रांग तुटत नाही.

मगरीच सगळ्यांना खातात हाही गैरसमज. मारा नदीत वर्षाला सरासरी सहा हजारांहून जास्त विल्डबीस्ट बुडून मरतात असं संशोधकांनी मोजलं आहे. मगरी त्यातला थोडाच भाग खातात. बाकीचं गिधाडं, मासे आणि खुद्द नदी पचवते.

हे बघायचंच असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर धरा आणि नदीजवळ किमान चार रात्री राहा. आणखी एक गोष्ट: मारा नदी केनियात जशी आहे तशीच सीमेपलीकडे टांझानियात, सेरेंगेटीच्या उत्तर टोकाला कोगातेंडेलाही आहे. कळप तिथेही नदी ओलांडतात, आणि बऱ्याच वर्षी तिथेच जास्त काळ रेंगाळतात. ‘क्रॉसिंग म्हणजे केनिया’ हे समीकरण पूर्ण खरं नाही.

गर्दीचं काय? गर्दी आहेच. 2025 च्या जुलैत सेरेंगेटीच्या उत्तरेतला एक व्हिडिओ जगभर फिरला. पर्यटक गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे, आणि कळपाची वाटच अडलेली. टांझानिया सरकारला त्यावर कारवाईचं आश्वासन द्यावं लागलं. तुमचा ड्रायव्हर गाडी पुढे घालायला तयार झाला नाही तर त्याच्यावर चिडू नका, टिप वाढवा. गर्दी नको असेल तर माराच्या कडेच्या कॉन्झर्व्हन्सी बघा. म्हणजे मसाई जमीनमालकांनी भाड्याने दिलेली, गाड्यांची संख्या मर्यादित ठेवलेली राखीव माळरानं. तिथे पायी फिरता येतं, रात्रीची फेरीही मारता येते. या दोन्ही गोष्टी मुख्य अभयारण्यात चालत नाहीत. खर्च मात्र जास्त.

## आम्हाला सुट्टी मेमध्येच मिळते, मग?

बहुतेकांचा खरा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा थांबू.

एप्रिलचा उत्तरार्ध आणि मेचा पूर्वार्ध शक्यतो टाळा. मसिकात दिवसभर झड लागते असं नाही. सहसा सकाळ लख्ख असते आणि दुपारनंतर आभाळ फाटतं. त्रास होतो तो मातीचा. मारातली बरीचशी जमीन काळी आहे, तिथेही तिला कापसाची काळी माती असंच म्हणतात. मराठवाड्या-विदर्भात ज्याने पावसात शेतात ट्रॅक्टर घातला असेल त्याला पुढचं सांगायला नको. चाकं लोण्यात फिरावीत तशी फिरतात. फोर बाय फोर गाडीसुद्धा रुतते, मग दुसरी गाडी येऊन ओढून काढते, आणि अख्खी सकाळ त्यात जाते. वर गवत कमरेएवढं. सिंह दहा हातांवर पहुडलेला असला तरी फक्त कानाची टोकं दिसतात.

पण राज्यातल्या बऱ्याच शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भातल्या त्याहून उशिरा. मेचा शेवटचा आठवडा ते साधारण 12 जून हा पट्टा आपल्या लोकांनी हेरायला हवा. पाऊस ओसरलेला असतो, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, डोंगर हिरवे, आणि हंगामाचे दर अजून लागू झालेले नसतात. मोठे कळप तेव्हा पश्चिम सेरेंगेटीत असतात. मारात नसले तरी माराचे स्वतःचे सिंह, हत्ती, जिराफ, तरस, पाणघोडे बारा महिने तिथेच राहतात. ते कुणाच्या मागे जात नाहीत.

पैशाचा फरकही लहान नाही. मसाई मारा अभयारण्याची परदेशी प्रौढाची प्रवेश फी 2024 पासून जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आहे, आणि 1 जुलैपासून डिसेंबरअखेर 200 डॉलर. नवरा-बायको तीन दिवस फिरले तर 30 जूनपर्यंत 600 डॉलर, दुसऱ्या दिवसापासून 1,200. हे फक्त फाटकावरचे. मुलांना फी कमी असते. दर बदलत असतात, तेव्हा बुकिंग करताना ताजा आकडा एकदा विचाराच.

जाणं मधल्या मेमध्येच ठरलेलं असेल तर न्गोरोंगोरोचं विवर गाठा. हे सहाशे मीटर खोल, 260 चौरस किलोमीटरचं मोठं वाडगं आहे. पाणी आत आहे, गवत आत आहे, म्हणून आतली बहुतेक जनावरं वर्षभर आतच राहतात. गेंडा दिसण्याची शक्यता इथे बरी असते. विवराच्या काठावर मुक्काम 2,300 मीटर उंचीवर, मेमध्ये धुकं इतकं की समोरचा माणूस दिसत नाही, पण खाली उतरलं की अनेकदा आभाळ मोकळं असतं.

## दिवाळी की नाताळ?

दिवाळीची गंमत अशी की ती स्वतःच सरकते. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, 2026 मध्ये ते 8 नोव्हेंबरला आहे. घरात फराळ तोच, पण मारात या अडीच आठवड्यांत बराच फरक पडतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तरेत कळप असण्याची चांगली शक्यता असते, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते दक्षिणेची वाट धरून चाललेले असतात. म्हणून ‘दिवाळीत जाऊ’ असं ठरवू नका, तारीख बघून जागा ठरवा. दिवाळी लवकर असेल तर मारा किंवा कोगातेंडे, उशिरा असेल तर मध्य सेरेंगेटीचा सेरोनेरा भाग, जिथे बिबटे आणि सिंह कायम असतात.

नाताळात वुली ओसरत आलेला असतो आणि कळप दक्षिणेत पोहोचत असतात. बघायला चांगलं, पण सगळं जग तेव्हाच सुट्टीवर असल्यामुळे दर चढे आणि खोल्या महिनोन् महिने आधी भरलेल्या. दहा दिवस थांबून जानेवारीच्या मध्यावर गेलात तर तेच दृश्य बऱ्याच कमी पैशांत मिळतं. निवृत्त मंडळींनी आणि शाळकरी मुलं नसलेल्यांनी जानेवारी-फेब्रुवारी सोडूच नये.

## पावसात गेलो तर पैसे पाण्यात?

पाऊस म्हणजे फुकट गेलेली सहल, हे समीकरण फक्त सिंह मोजायला जाणाऱ्यांसाठी. पक्षी बघणाऱ्यांना विचारा. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात युरोप-आशियातून आलेले करकोचे, शिकारी पक्षी तिथे मुक्कामाला असतात. आपल्या ईशान्येत, नागालँडमध्ये लाखोंनी थांबणारे अमूर ससाणे अरबी समुद्र ओलांडून याच सुमाराला पूर्व आफ्रिकेत उतरतात आणि पुढे दक्षिणेला जातात. छायाचित्रकारांना ढगांचा उजेड आवडतो. किलिमांजारोही पाऊस पडून गेल्यावर सकाळी स्वच्छ दिसतो. ऑगस्टच्या धुळकट हवेत तो दिवस दिवस तोंड दाखवत नाही.

याउलट काही जागा कोरड्या काळातच खुलतात. टांझानियातलं तारांगिरे पावसात बरंच रिकामं वाटतं, कारण हत्ती चहूकडे पांगलेले असतात. जुलै ते ऑक्टोबरात आसपासचं पाणी आटलं की ते तारांगिरे नदीच्या पात्रात शेकड्यांनी उतरतात, सोंडेने वाळू उकरून पाणी काढतात. केनियातल्या अंबोसेलीचंही तसंच. किलिमांजारोकडून जमिनीखालून झिरपत येणाऱ्या पाण्यावर तिथली दलदल जगते आणि कोरड्या दिवसांत हत्ती पोटापर्यंत तिच्यात उभे दिसतात.

गोरिलांना ऋतूचा फारसा फरक पडत नाही, आपल्याला पडतो. रवांडाचा ज्वालामुखी उद्यानाचा डोंगर असो की युगांडातलं ब्विंडीचं जंगल, चढ निसरडा आणि अंगाला आग करणाऱ्या झुडपांनी भरलेला. म्हणून जून ते सप्टेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी बरं. परवाना रवांडात 1,500 डॉलर, युगांडात 800. त्या पैशात गोरिलांसमोर एक तास. वय किमान 15 हवं, हे लहान मुलं असणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

## एवढं सगळं बघूनही पाऊस चुकला तर?

चुकू शकतो. हिंदी महासागराचं पाणी कधी आफ्रिकेच्या बाजूला जास्त तापतं, कधी इंडोनेशियाच्या बाजूला. याला हवामानखातं ‘इंडियन ओशन डायपोल’ म्हणतं. आफ्रिकेची बाजू तापली की वुली बेफाम होतो. 2019 मध्ये हेच झालं. त्या वर्षी आपल्याकडे मान्सून सरासरीच्या पुढे गेला आणि परतायलाच तयार नव्हता, आणि ऑक्टोबरपासून पूर्व आफ्रिकेत पूर आले. उलट 2020 च्या अखेरपासून ओळीने पाच पावसाळे फसले. 2022 मध्ये फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात केनियात दुष्काळाने 205 हत्ती मेल्याचं तिथल्या सरकारने जाहीर केलं.

यावर आपल्या हातात एवढंच: ऑक्टोबर ते डिसेंबरात जाणार असाल तर ऑगस्ट-सप्टेंबरात एल निनो आणि या डायपोलचा अंदाज बघा. तो आपल्या मान्सूनच्या बातम्यांत येतोच. केनियाचं हवामानखातंही हंगामाचा अंदाज प्रसिद्ध करतं. दोन्हीकडून जास्त पावसाचे संकेत असतील तर नदीकाठचा कॅम्प टाळून उंचावरचा घ्या आणि लांब रस्त्याच्या प्रवासाऐवजी छोटं विमान बघा. नैरोबीहून मारा रस्त्याने पाच-सहा तास, शेवटचा टप्पा खडबडीत.

## पैसे भरण्याआधी

सफारी विकणाऱ्याला ‘मायग्रेशन दिसेल ना?’ असं विचारू नका, उत्तर नेहमी ‘हो’ असतं. विचारा: आमच्या तारखांना कळप साधारण कुठे असतात, आणि आमचा मुक्काम तिथून गाडीने किती तासांवर आहे? न्दुतूतली पिल्लं बघायची म्हणून फेब्रुवारीत कोगातेंडेला मुक्काम दिला असेल तर तो माणूस तुम्हाला नकाशा न बघता विकतोय.

केनिया आणि टांझानिया दोन्ही सहा दिवसांत असं पॅकेज दिसलं तर सावध व्हा. मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना लागून असले तरी पर्यटकांना अभयारण्यातून थेट पलीकडे जाता येत नाही. इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घालून जवळपास अख्खा दिवस जातो. दोन्ही देशांची प्रवेशाची कागदपत्रंही वेगळी. केनिया-युगांडा-रवांडाचा एकत्र व्हिसा मिळतो, त्यात टांझानिया नाही.

छोट्या विमानात सहसा 15 किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सुटकेस नैरोबीतच ठेवावी लागते. कपडे खाकी, मातकट घ्या. गडद निळा आणि काळा टाळा, त्या रंगांवर त्सेत्से माशी येते आणि तिचा चावा जीन्समधूनही लागतो. पहाटेच्या फेरीला जुलैत कानटोपी आणि जाड स्वेटर लागतोच. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यात बांधा. पाऊस पडून गेल्यावर डास वाढतात, म्हणून मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

आणि यलो फीव्हरची लस. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे तारखेसाठी थांबावं लागू शकतं, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. केनियाहून परतताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड जवळ नसेल तर भारतातल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तिकीट काढाल त्याच आठवड्यात लसीची वेळ घ्या.